ऐन कामात पडलेली माय

दिवाळी जवळ आली किंवा मुलाचे लग्न ठरले की आपल्याकडे घराचे काम निघते. आपल्या कारंजा गावात दारव्हा वेशीकडून पोहा वेशीकडे चालत जा, कुठल्या ना कुठल्या दारासमोर रेतीचा ढीग दिसेलच. जुनी शहाबादी फरशी उखडायची, तिथे चकचकीत टाइल घालायची, बैठकीला पीओपीचे छत करायचे. रंग कोणता, दिवे कुठे, विहीणबाई बसतील तिथून काय दिसेल, यावर घरात रात्री उशिरापर्यंत खल चालतो. ज्या बाईने या घरात सर्वांत जास्त वर्षे काढली, तिला मात्र कोणी विचारत नाही. तिचा तखत मागच्या खोलीत, सिमेंटच्या पोत्यांशेजारी जातो. रात्री ती लघवीला उठते. ज्या कोपऱ्याला हात लावून ती आयुष्यभर अंधारात वळली, तो कोपरा फोडलेला असतो. दिवा काढून नुसती वायर लोंबत असते. नव्या टाइलवर पाणी सांडलेले असते. ती पडते आणि खुब्याचे हाड मोडते.

अशा वेळी घरात पहिले वाक्य निघते ते हे : "ऐन कामात पडली!" हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी उच्चारले आहे, नाहीतर ऐकून गप्प बसलो आहोत; मीही त्यात आलो. या घरातली माणसे दुष्ट नसतात. मुलाचा आईवर जीव असतो, सूनही तिचे अंथरूण काढते. तरीही त्या क्षणी डोळ्यांपुढे मिस्त्री येतो, जो खाडा पडला तर दुसऱ्या कामावर निघून जाईल. छापलेल्या पत्रिका येतात. म्हणून आधी लेप, मग मालिश, मग "दोन दिवस पाहू". म्हातारपणी मोडलेल्या खुब्यावर शक्यतो एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते, कारण पडून राहिलेल्या देहाला पाठीचे व्रण, न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळ्या गाठतात. आपण मात्र म्हणतो, "या वयात ऑपरेशन सोसायचे नाही," आणि दिवस घालवून ते खरे करून दाखवतो. पैशाची सबबही आता पुरी पडत नाही. ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी, उत्पन्न कितीही असो, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. टाइलसाठी अकोला-अमरावतीची दुकाने पालथी घालणाऱ्या आपल्याला या योजनेचे तिचे कार्ड काढायला वेळ मिळालेला नसतो.

पण सर्वांत दुःखद गोष्ट पुढेच आहे. अंथरुणावरून तीच म्हणते, "माह्यावर कायले पैसा घालता? काम होऊ द्या." आपण तिचा तो शब्द संमती म्हणून स्वीकारतो. हे बोलणे तिच्यात कोठून आले, याचा विचार आपण करत नाही. ती या घरात आली तेव्हापासून सर्वांच्या मागून जेवली. नवरा गेल्यावर मंगलकार्यात मागच्या रांगेत बसली. मग एक दिवस कोणीतरी कागद पुढे केला आणि तिने अंगठा उठवला. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला मुलांबरोबरीचा वाटा दिला. आपण तो हक्कसोडपत्रावर तिच्याकडून सोडवून घेतला, आणि त्यात काही वावगे आहे असे आपल्या बापजाद्यांना वाटले नाही, आपल्यालाही वाटले नाही. कायद्याने जे घर तिचेही होते, त्यात ती स्वतःला अडगळ समजू लागली. या समजुतीला आपण तिचा त्याग म्हणतो आणि तेरवीच्या दिवशी त्याचे गोडवे गातो.

आणि हे आपले कारंजा गाव तर श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. सर्वसंगपरित्याग केलेला तो संन्यासी आईला दिलेल्या शब्दासाठी अनेक वर्षांनी कारंज्यात परत आला, असे गुरुचरित्र सांगते. त्या ग्रंथाचे पारायण करणाऱ्या समाजाने आईवडिलांना सांभाळावे म्हणून 2007 साली सरकारला कायदा करावा लागला, आणि म्हातारी माणसे पोटगीसाठी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे उभी राहू लागली. याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

"वय झाले, पडायचीच" हेही खरे नाही. पडण्याने जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे दगावतात, त्यांत म्हाताऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि यांतील पुष्कळ अपघात टाळता येतात, हेही तीच सांगते. न्हाणीत खरखरीत टाइल, संडासाशेजारी पकडायला एक दांडी, वाटेवर रात्रभर जळणारा लहान दिवा. छताच्या नक्षीवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने हा खर्च किती?

तेव्हा मिस्त्रीला बोलावण्याआधी मायच्या खाटेपासून संडासापर्यंत एकदा रात्री, दिवा न लावता, स्वतः चालून पाहा. काम तिथून सुरू करा. आणि ती पडलीच, तर काम तिथेच थांबवा, लेप लावत बसू नका. त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या.