मागची गाडी

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ५ हजार किलोमीटरची सायकल शर्यत पुरी केली. मागे गाडी होती. तीत पाणी, जेवण, सुटे भाग, सोबतीची माणसं. शर्यतीचा नियमच तसा. म्हणून त्यांना कुणी परावलंबी म्हटलं नाही.

२०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी मागे गाडी न घेता, बहुतेक वाट एकटीनं, १४ देशांतून सुमारे २९ हजार किलोमीटर फिरली. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं. तरी ती पुढे गेली. तिचं कौतुक आहेच. पण प्रत्येक मुलीनं असंच एकटीनं निभवावं का?

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. पण सायकल पंक्चर झाली, शाळा सुटायला अंधार पडला, फाट्यावर टवाळ पोरं उभी राहिली, तर तिच्या मागे कोण? पुष्कळ घरांत उत्तर ठरलेलं: सायकल भावाला, पोरीची शाळा बंद.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं. गिनेस बुकात विक्रम नोंदला गेला. म्हणजे मनावर घेतलं तर रस्ता होतो!

मैत्रिणींनो, फाट्यापासून गावापर्यंतचा धड रस्ता, खांबावर पेटणारा दिवा, वेळेवर येणारी एसटी आणि ‘उशीर झाला तरी शीक’ म्हणणारं घर, ही आपल्या पोरींची मागची गाडी. येत्या ग्रामसभेत ती मागू या. हिंमत पोरींकडे आहेच.