साथ, उपवासकाळ आणि गावची नोटीस

शेतकरी बंधूंनो, २०२० साल आठवा. २६ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला आणि महिन्याभरात टाळेबंदी आली. वसईकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची चर्च ऐन उपवासकाळात बंद झाली. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी रोमनेच त्या वर्षी वगळायला लावला. १२ एप्रिलचा ईस्टर घरातच झाला. २०२१ला धर्मगुरूंनी मास्क लावून, न बोलता, राख डोक्यावर टाकावी अशी सूचना आली.

मिस्सा चुकल्याची हळहळ खरीच. पण उपवास, प्रार्थना अन् दानधर्म घरूनही होतात.

सरपंच, ग्रामसेवकांनो, उद्या पुन्हा साथ आली तर नुसती नोटीस डकवू नका. धर्मगुरू, पुजारी, मौलवींना आधी बोलवा. काय थांबवायचे, काय घरी करायचे, त्यांनाच विचारा. त्यांच्या तोंडून आलेली बंदी गाव पाळतो.