माळाचा दगड विकण्याआधी



पावसाळा सरला, सुगी उरकत आली, की गावोगाव एक पाहुणा येऊ लागतो. गाडी ओट्याशी लावतो, चहा घेतो आणि हळूच विषय काढतो. "दादा, तुमच्या त्या माळात कुसळाशिवाय काय उगवतंय? खाली चांगला काळा दगड आहे. आम्हाला काढू द्या. ब्रासमागे पैसे देतो, वर जमीन सपाट करून देतो. कागदपत्रांचं आमच्याकडं लागलं." मुलीचे लग्न तोंडावर आलेले असते, सोसायटीचा तगादा असतो. मान आपोआप हलते.

ती हलण्याआधी हा लेख घरात सर्वांनी मिळून वाचावा, एवढीच विनंती. सही घरधन्याची असली, तरी मागे राहणारा खड्डा सगळ्या घराच्या वाट्याला येतो.

पहिला प्रश्न, दगड कुणाचा? सातबारा आपल्या नावाचा, तेव्हा जमिनीखालचेही सारे आपलेच, असे आपण धरून चालतो. तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४८ प्रमाणे, कायद्यात वेगळे म्हटले नसेल तर खनिजांवर हक्क राज्य शासनाचा असतो. बांधकामाचा दगड, मुरूम, माती, साधी वाळू यांना 'गौण खनिज' म्हणतात. नावाने गौण असले, तरी त्यांची नियमावली मोठी आहे. १९५७ च्या केंद्रीय खनिज कायद्याच्या कलम १५ ने या खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आणि महाराष्ट्राने त्याप्रमाणे २०१३ साली आपले नियम केले.

म्हणून दगड काढायचा तर परवानगी महसूल खात्याची लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यासाठी जिल्हा खनिकर्म अधिकारी असतात. किती ब्रास काढले त्यावर शासनाला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, भरावे लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. माल बाहेर नेताना प्रत्येक गाडीला वाहतूक पास हवा. तो 'महाखनिज' या शासनाच्या संगणक प्रणालीतून निघतो. शिवाय २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील दीपक कुमार यांच्या प्रकरणात सांगितले, की पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरणाची मंजुरी घेतली पाहिजे. तेव्हा "तुमचं रान लहान आहे, त्याला काही लागत नाही" असे कुणी म्हणाला, तर तिथेच थांबावे.

परवानगीवाचून खोदले तर काय होते? कलम ४८ मध्येच खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगितला आहे. गाड्या आणि यंत्रेही जप्त होऊ शकतात. हा कायदा लिहिणाऱ्यांना गावची नस ठाऊक होती. "शेताचा बांध दुरुस्त करतोय" हे निमित्त सांगून माल काढला, तरी सुटका नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे! जमीन विकसित करताना निघालेली माती त्याच जमिनीच्या सपाटीकरणाला वापरली, तर तिच्यावर स्वामित्वधन नाही. मात्र ट्रॉली बांधाबाहेर पडली, की हिशेब बदलला. आणि ठेकेदार आज इथे, उद्या तिथे. नोटीस घेऊन येणाऱ्याला आधी सातबाऱ्यावरचे नाव दिसते, हे विसरू नका.

इथवर पैशाचे झाले. आता जिवाचे.

परवानगी राज्याने दिली, तर खाणीची सुरक्षाही राज्यच पाहत असेल, असे कुणालाही वाटेल. पण आपल्या राज्यघटनेने ही कामे वाटून दिली आहेत. खाणींचे नियमन काही मर्यादेत राज्याच्या सूचीत आहे, तर खाणीतील मजूर आणि त्यांची सुरक्षा हा विषय केंद्राच्या सूचीत. त्यासाठी केंद्राचे खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. त्याची सुरुवात १९०२ सालची, मुख्य कचेरी झारखंडात धनबादला, आणि आपल्याकडे नागपूरला कार्यालय. म्हणजे तहसीलदार ब्रास मोजणार आणि कड ढासळेल की नाही हे पाहणारा दुसऱ्याच खात्याचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी लहान खाणीच्या सुरक्षेची गत होते.

त्यातही एक मेख आहे. दगड-मुरुमाची उघडी खाण तीन अटींत बसत असेल, तर सुरक्षेच्या कायद्यातील बहुतेक तरतुदी तिला लागू होत नाहीत. खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नकोत आणि सुरुंगाची दारू वापरलेली नको. ही कसोटी १९५२ च्या खाण कायद्यात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली, त्यातही ती कायम आहे. तीनही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. एक मोडली, की सवलत गेली.

६ मीटर म्हणजे साधारण २० फूट. ती खोली सर्वांत उंच जागेपासून सर्वांत खोल जागेपर्यंत धरतात. विहिरीचे पाणी मोजतो तसा कासऱ्याला दगड बांधून सोडा, कळेल. आणि काळा दगड सुरुंगाशिवाय फारसा निघत नाही. म्हणजे पहिला बार उडाला, त्या दिवसापासून सगळा कायदा लागू. बार भरणाऱ्याकडे त्या कामाचा दाखला आहे का, हे विचारायला लाजू नका.

कड कशी कापावी, याची मापे १९६१ च्या धातुखाण विनियमांनी घालून दिली. माती-मुरुमात पायऱ्या पाडायच्या. पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीहून कमी नको. टणक खडकात पायरी ६ मीटरपर्यंत चालते. खालून पोखरून वरचा भाग लोंबता ठेवणे मना आहे. यामागचे कारण आपल्याला कुणी शिकवायला नको. मुरूम पाणी प्याला, की त्याची उभी कड पत्त्यासारखी कोसळते. विहीर खणताना हे आपण पाहिले आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलींना खाणीत कामाला ठेवण्यास बालकामगार कायद्यानेही बंदी आहे. आई खडी फोडते आणि लेकरू शेजारी झोळीत, हे दृश्य आपल्या रानात दिसू देऊ नका. मजूर परगावचा असला, तरी जीव तोच.

तरीही दगड द्यायचाच असेल, तर एवढे करा. मंजुरीच्या आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय पहिली कुदळ पडू देऊ नका आणि प्रत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, दाखवून खातरजमा करा. करार लेखी करा. त्यात गटाच्या हद्दी, खोली, ब्रास आणि मुदत यांचे आकडे लिहून घ्या. काठाला कुंपण कोण घालणार आणि काम संपल्यावर खड्ड्याचे काय करणार, हे त्यातच यावे. शेवटचा हप्ता ठेकेदाराकडून आधीच घेऊन मोकळे होऊ नका, असे मी म्हणणार नाही. पैसे जरूर घ्या, पण कुंपणासाठी त्याची अनामत आपल्याकडे ठेवून घ्या. काही वावगे दिसले, तर जादा उत्खननासाठी तहसीलदाराकडे आणि धोक्यासाठी खाण सुरक्षा कार्यालयाकडे लेखी अर्ज करा. पोच घ्यायला विसरू नका.

माउल्यांनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी. खाण बंद पडते, ठेकेदार जातो आणि मृगाचा पाऊस तो खड्डा काठोकाठ भरतो. वरून पाणी निळेशार दिसते. तळ्याला असतो तसा उतार त्याला नसतो. पहिल्याच पावलाला तळ सुटतो आणि उभ्या कडेला हात धरायला जागा नसते. शाळा सुटल्यावर पोरे तिकडेच धावतात, म्हशीही तिकडेच वळतात. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये. ब्रासचा भाव पुरुषमंडळींना ठरवू द्या, पण "कुंपण कधी घालणार?" हा प्रश्न तुम्ही विचारा. त्याचे उत्तर कागदावर आल्यावरच घरधन्याच्या हाती सहीचे पेन द्या.