कापसाची शाश्वतता: अटी बांधापर्यंत आल्या, पैसा कुठपर्यंत आला?

कपाशीच्या पट्ट्यात आता अनेक घरी एक नोंदवही असते. पेरणीची तारीख, वाण, खताच्या गोण्या, कोणते औषध किती फवारले, वेचणीला किती बाया होत्या, त्यांना किलोमागे काय मजुरी दिली, हे सगळे तिच्यात लिहायचे असते. संस्थेचा फील्ड फॅसिलिटेटर पस्तीसेक शेतकऱ्यांचा गट करतो, बैठक घेतो, सही घेतो आणि पुढच्या गावी जातो. ही माहिती कोणाला हवी आहे आणि तिच्या बदल्यात आपल्याला काय मिळते, हे प्रत्येक कापूस उत्पादकाला माहीत असायला हवे.

अटी कुठून आल्या?

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिथल्या कारखान्यांत कपडे शिवणारे अकराशेहून अधिक कामगार दगावले. ते कपडे युरोप-अमेरिकेतील ब्रँडचे होते. "कारखाना आमचा नाही, आम्ही फक्त माल घेतो" हे उत्तर त्यानंतर तिकडच्या ग्राहकांना पटेनासे झाले. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडे लक्ष ठेवणे कायद्याने बंधनकारक केले. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाचा असाच निर्देश जुलै २०२४ मध्ये अमलात आला. उद्योगांच्या दबावामुळे २०२५ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलली गेली आणि तो सौम्य करण्याचे काम सुरू झाले. म्हणजे कायदा थोडा ढिला पडला, पण ब्रँडनी पुरवठादारांना घातलेल्या अटी तशाच आहेत.

कापसात हे काम कायद्याआधीच सुरू झाले होते. 'बेटर कॉटन' हा कार्यक्रम २०१०-११ च्या हंगामापासून भारतात आहे. त्याचे सध्याचे निकष सहा विषयांचे आहेत: व्यवस्थापन, माती-पाणी-जैवविविधता, पीक संरक्षण, धाग्याची प्रत, मजुरांना योग्य वागणूक आणि शेतकऱ्याची उपजीविका. सेंद्रिय कापसात बीटी वाण चालत नाही, इथे चालते. त्यामुळे आपल्याकडे याचा प्रसार जास्त झाला.

साखळी उलटी चालते

कापूस तुमच्या शेतातून जिनिंगला, तिथून सूतगिरणी, कापड गिरणी, शिलाई कारखाना आणि शेवटी दुकानात जातो. अटी मात्र दुकानाकडून शेताकडे येतात. ब्रँड शिलाई कारखान्याला सांगतो, कारखाना गिरणीला आणि गिरणी जिनिंगला. प्रत्येक जण अट आपल्या खालच्याकडे सरकवतो. शेवटच्या पायरीवर पाच एकरवाला शेतकरी असतो आणि त्याच्या खाली कोणी नाही. फवारणाऱ्याला हातमोजे-मास्क देणे, मुलांना कामाला न लावणे, बायांना ठरलेली मजुरी देणे ही जबाबदारी त्याच्यावर येते.

या अटी चुकीच्या नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, ते आपण विसरू शकत नाही. पण सुरक्षेचा खर्च कोणी करायचा हे अट घालणाऱ्याने सांगितले नाही, तर ती अट नोंदवहीतच राहते.

पैशाचा हिशेब

बेटर कॉटनच्या नोंदणीकृत शेतकऱ्याचा कापूस जिनिंगने घेतला, की एक किलो रुईमागे एक युनिट, असा हिशेब संगणकावर चढतो. दहा क्विंटल कापसातून साधारण ३३० ते ३४० किलो रुई निघते, म्हणजे तेवढी युनिट. ही युनिट कागदोपत्री पुढे जातात. अनेक वर्षे फक्त याच पद्धतीने काम चालले. तिच्यात दुकानातल्या शर्टात तुमचाच कापूस असेल असे नाही. ब्रँडने जितका कापूस वापरला तितका कुठेतरी चांगल्या पद्धतीने पिकला, एवढाच तिचा अर्थ. ब्रँड वापराच्या प्रमाणात शुल्क भरतात आणि त्यातून प्रशिक्षणाचे कार्यक्रम चालतात.

शेतकऱ्याला जास्त दराची हमी मात्र यात नाही. सीसीआय हमीभावाने खरेदी करते तेव्हाही हा फरक मोजला जात नाही. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हा हमीभाव होता. तो धाग्याची लांबी आणि प्रत पाहून मिळतो, ओलावा जास्त असला तर कपात होते. नोंदवही कोणी विचारत नाही. त्याच हंगामात कापसावरील ११ टक्के आयात शुल्क डिसेंबर २०२५ अखेरपर्यंत माफ झाले. बाजार असा दबलेला असताना नोंदवही दर धरून ठेवत नाही.

आता काय बदलले आहे?

नोव्हेंबर २०२३ पासून बेटर कॉटनने कापूस प्रत्यक्ष माग काढता येईल अशा पद्धतीनेही विकायला सुरुवात केली. त्यासाठी जिनिंगला नोंदणीकृत शेतकऱ्यांचा कापूस वेगळा साठवावा लागतो आणि वेगळ्या गाठी बांधाव्या लागतात. २०२५ पासून कार्यक्रम प्रमाणपत्र पद्धतीकडे वळला आहे.

तुमच्यासाठी हा बदल महत्त्वाचा आहे. कागदावर युनिट फिरत होती तोवर तुमचा कापूस कोणाच्या ढिगात पडला याने काही बिघडत नव्हते. आता ज्या जिनिंगला अशी ऑर्डर हवी आहे, तिला नोंदणीकृत शेतकऱ्यांचाच माल लागेल. हीच वेळ दराची बोलणी करण्याची आहे. एकट्याने गेलात तर व्यापारी ऐकणार नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा गटाने शंभर-दोनशे क्विंटलचा एकप्रतीचा माल घेऊन बोलणी केली तर ऐकावे लागेल.

नोंद खोटी असेल तर

द्राक्ष उत्पादकांना २०१० साल आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली. नियम तिकडचा, फटका नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला. पण द्राक्षात निदान प्रयोगशाळेचा अहवाल असतो. रुईच्या गाठीची तपासणी करून मजुरी किती दिली किंवा औषध कोणते मारले हे कळत नाही. तिथे नोंद हाच मुख्य पुरावा, आणि म्हणूनच ती खोटी लिहिण्याचा मोह होतो.

सेंद्रिय कापसात तसे झाले आहे. गॉट्स या जागतिक सेंद्रिय वस्त्र मानक संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले, की भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. अशा प्रकाराने खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्याच्या मालावरही संशय येतो आणि त्याला मिळणारा जादा दर धोक्यात येतो.

दर मिळो न मिळो, हे तुमच्या फायद्याचे

- गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक पतंग आले, किंवा तपासलेल्या हिरव्या बोंडांपैकी १० टक्के बोंडांत प्रादुर्भाव दिसला, तरच रासायनिक फवारणीचा विचार करा.
- रसशोषक किडींसाठी पाने मोजून निर्णय घ्या. तुडतुडे पानामागे २ ते ३ किंवा फुलकिडे पानामागे १० ही पातळी ओलांडल्याशिवाय औषध नको. टळलेली प्रत्येक फवारणी म्हणजे औषध आणि मजुरी दोन्ही वाचले.
- डब्यावर लाल त्रिकोण असलेले औषध टाळा. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करून फवारू नका.
- फरदड घेऊ नका. पुढच्या वर्षीची बोंडअळी तिथेच वाढते.
- वेचणी सुती कापडाच्या झोळीत करा. पोत्याचे धागे आणि प्लॅस्टिक रुईत गेले की प्रत उतरते. कवडी कापूस वेगळा ठेवा.

सही करण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा

१. माझी माहिती कोणाकडे जाणार? नोंदवहीची प्रत माझ्याकडे राहणार का?
२. आमच्या गावाचा कापूस कोणते जिनिंग नोंदवते? गेल्या हंगामात किती नोंदवला?
३. जादा दर आहे का? असल्यास लेखी द्या. नसल्यास तेही स्पष्ट सांगा.
४. सुरक्षा किट, सापळे, माती परीक्षण यांचा खर्च कोण करणार?
५. एखादी अट पाळता आली नाही, तर गटाचे आणि माझे काय होईल?

कोऱ्या पानावर सही करू नका. जिनिंगला माल दिल्यावर वजनाची पावती मागून घ्या आणि जपून ठेवा. ती पावती आणि तुमची नोंदवही, हे दोन कागद जुळले तरच उद्या दराची मागणी टिकेल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

तुमच्यावर आकड्यांचे लक्ष्य असते, हे मान्य आहे. पण हंगामाच्या शेवटी कार्यालयात बसून तीस नोंदवह्या एका हाताने भरल्या तर तपासणीत ते लगेच दिसते आणि पूर्ण गट अडचणीत येतो. कमी शेतकरी घ्या, पण खरी नोंद घ्या. शेतकऱ्याने दोन फवारण्या जास्त केल्या असतील तर तसेच लिहा आणि त्या का कराव्या लागल्या तेही लिहा. वेचणीच्या बायांशी स्वतः बोला. मजुरीचा रकाना शेतमालकाला विचारून पूर्ण होत नाही. आणि दराबद्दल खोटी आशा दाखवू नका. ज्याला पहिल्या वर्षी "जादा भाव मिळेल" असे सांगितले जाते, तो दुसऱ्या वर्षी बैठकीला येत नाही.

शर्टावर शाश्वततेचे लेबल लावून ब्रँड आपले नाव कमावतो. त्या लेबलमागचा पुरावा तुमच्या शेतात तयार होतो. या हंगामात वेचणी सुरू होण्यापूर्वी गटाची एक बैठक घ्या, वरचे पाच प्रश्न संस्थेला आणि जिनिंगला एकत्र विचारा, आणि मिळालेली उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.