नाव रोपाबरोबर गेलं पाहिजे

आज विषय नीरफणसाचा. काहीजण विलायती फणस म्हणतात, ज्याचे आपण रव्यात घोळवून काप तळतो, तोच. 'विलायती' म्हटल्यावर एवढंच कळतं की झाड बाहेरून आलं. जात कुठली, रोप कसं करायचं, काही कळत नाही.

आता ज्यांच्याकडचं हे झाड, त्यांची भाषा बघा. इंडोनेशिया, फिलिपिन्सपासून पार हवाई बेटांपर्यंतच्या बहुतेक मूळ भाषा एकाच घराण्यातल्या आहेत, त्याला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. इंडोनेशियात बिनबियांचा तो सुकुन आणि बियांचा तो क्लुविह. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत बिनबियांचा रिमास, बियांचा कमानसी. हे उगाच शब्दांचे लाड नाहीत. क्लुविहचं बी टाकलं की रोप येतं. कोवळ्या फळाची भाजी होते, बिया उकडून खातात. सुकुनला बीच नाही, त्यामुळे मुळाला आलेला फुटवा काढायचा नाहीतर मुळाचा तुकडा लावायचा. म्हणजे नाव सांगितलं की लागवडीची अर्धी माहिती सांगून झाली.

मलय भाषेत बियांच्या फळाला कुलूर असाही शब्द आहे. तोच शब्द सामोआ आणि हवाईत उलु झाला, ताहितीत उरु. आपल्याकडे पाण्याचं पानी होतं तसंच. पण गंमत अशी की तिकडे पूर्वेच्या बेटांवर बहुतेक झाडं बिनबियांची. बी खिशात टाकून नेता येतं, फुटवा मात्र होडीत जिवंत ठेवावा लागतो. त्या लोकांनी तो खाऱ्या पाण्यातून जपून नेला, आणि नावही नेलं.

याउलट इंग्रजांचं. १७८९ साली कॅप्टन ब्लाय ताहितीहून हजारावर रोपं घेऊन निघाला. वाटेत खलाशांनी बंड केलं, रोपं समुद्रात गेली. दुसऱ्या खेपेला, १७९३ मध्ये, रोपं जमैकाला पोचली. झाड गेलं, पण उरु हे नाव मागेच राहिलं. साहेबाने त्याला पावाचं फळ म्हटलं आणि काम भागवलं.

आपलंही तेच चाललंय, असं माझं मत आहे. फणसात कापा आणि बरका एवढा फरक आपण बोलताना करतो, पण रोपाच्या चिठ्ठीवर नुसतं 'फणस' असतं. शास्त्रज्ञ मंडळी नोंद करतात ती 'स्थानिक जात' म्हणून. स्थानिक म्हणजे कुठली? कुणाच्या परड्यातली? फणसाचं बी लावलं तर आईसारखं झाड येईलच असं नाही, हे आपण सगळे जाणतो. मग पाच-सात वर्षं वाट बघून भलतंच फळ हाती आलं तर जाब कुणाला विचारायचा?

सामोआची माआफाला ही नीरफणसाची जात आज प्रयोगशाळेत रोपं करून देशोदेशी जाते, ती त्याच सामोअन नावाने. हे जमतं, मग आपल्याला का जमू नये?

म्हणून रोप घेताना तीन गोष्टी लिहून मागा: जातीचं नाव, मातृवृक्ष कुठल्या गावचा, आणि रोप बियांचं, कलमाचं की फुटव्याचं. रोपवाटिकावाल्याला जास्तीचा खर्च एका ओळीच्या शाईचा.

तुमच्या गावात नीरफणसाला काय म्हणतात, आणि बी असलेला कुणी पाहिलाय का? खाली लिहा, गावाच्या नावासकट.