पांदणीवर चाक, माळावर पाय

सायकलस्वारीच्या एका नव्या प्रकाराचे लोण आता आपल्याकडेही पोचले आहे. इंग्रजीत त्याला 'ग्रॅव्हल बायकिंग' म्हणतात. रुंद, खाचदार टायरांच्या सायकलीवर बसायचे, डांबर सोडायचे आणि खडीच्या, मातीच्या वाटांनी दिवसभर हिंडायचे, असा हा छंद. नेदरलँड्स, डेन्मार्क, उत्तर जर्मनी येथील समुद्रकाठचा सपाट मुलूख आणि 'हीथ' म्हणून ओळखली जाणारी खुरट्या झुडपांची माळराने ही त्याची आवडती भूमी. वाशीमला समुद्र नाही आणि आमचे पठारही अगदी सपाट नाही. पण कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड या भागांत कच्च्या वाटांचे जाळे असे आहे की हा छंद येथे आज ना उद्या रुजणारच. तो रुजावा असे मला वाटते. मात्र तो कोणत्या शब्दांनिशी रुजतो यावर बरेच काही अवलंबून आहे, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालायला हवे.

'ग्रॅव्हल' या एका शब्दाखाली जे काही कोंबले जाते, त्याला आपल्याकडे निरनिराळी नावे आहेत. दोन शेतांमधून जाणारी, दोन्ही अंगांनी झाडझुडपांनी वेढलेली ती पांदण. पश्चिम महाराष्ट्रात तिलाच पाणंद म्हणतात. दोन गावांच्या सीमेवरून जातो तो शिवरस्ता. बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी घडते ती गाडवाट. दोन शेतांमधला उंचवटा इतरत्र बांध असतो, आमच्याकडे धुरा. रस्त्यावर पसरतात तो मुरूम म्हणजे कुजून भुगा होत आलेला काळा पाषाण. पावसात तो चाकाला धरून ठेवतो. त्याच्या शेजारची काळी माती मात्र भिजली की फुगते, चिकटते आणि चाक फिरूच देत नाही. ही केवळ शब्दसंपत्तीची मिरवणूक नव्हे. यातील प्रत्येक शब्द कोणी, केव्हा आणि कोणत्या हक्काने जावे हे सांगतो.

हक्काचा उल्लेख मुद्दाम केला. 'वहिवाट' या शब्दात आपल्याला वाट ऐकू येते, पण कचेरीत त्याचा अर्थ चालत आलेला वापर असा होतो. धुऱ्यावरून जाण्याचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, १९६६ च्या, कलम १४३ मध्ये सांगितला आहे. अडवलेली वाट मोकळी करून मागण्यासाठी १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आजही उपयोगी पडतो. गावनकाशावर तुटक रेघांनी दाखवलेल्या कितीतरी पांदणी प्रत्यक्षात शेजारच्या शेतांनी दरवर्षी एकेक तास आत येत गिळल्या आहेत. ज्या वाटेने कोणी जात नाही, ती वाट बुजते. सोयाबीन निघण्याच्या दिवसांत मळणीयंत्र शेतापर्यंत नेता येत नाही, म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा वेळी महिन्यातून दोनदा दहा सायकली पांदणीतून गेल्या, तर त्याने कायद्याचा निकाल लागत नसला तरी 'येथे वाट आहे' ही गोष्ट गावाच्या आठवणीत जागी राहते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो आमच्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. वेगाला रस्ता मिळाला; मंद गतीच्या माणसाला उरली ती पांदणच.

येथवर मी या छंदाच्या बाजूने बोललो. माळाशी आलो की मात्र मला बाजू बदलावी लागते.

महसुली भाषेत माळ म्हणजे पडीक. विदर्भात सरकारी चराईच्या जमिनीला 'ई क्लास' हे कोरडे नाव आहे. केंद्र सरकारने २००० साली पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात झुडपी माळांची गणना याच सदरात झाली. एका महसुली शब्दाचे वजन किती असते ते पाहा: पूर्व विदर्भातील 'झुडपी जंगल' हे वन की पडीक, याचा निकाल द्यायला २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आणि या तथाकथित पडिकावर असते काय? कारंजा-सोहोळ अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे, पण ते काळविटांसाठी राखले आहे. अकोला-वाशीम भागातील गवतांत तणमोर येतो. पावसाळ्यात उंच गवतातून नर पुनःपुन्हा वर उसळतो आणि मादी जमिनीवरच अंडी घालते. टिटवी, धाविक, चंडोल यांची घरटीही जमिनीवरच. ज्या फासेपारधी समाजाला आपण फक्त शिकारी म्हणून ओळखत आलो, त्याच समाजातील माणसे या भागात तणमोर आणि त्याचे गवत राखण्याच्या कामात उतरली आहेत. अशा गवतातून नवी चाकोरी पडणे म्हणजे वाट जागी ठेवणे नव्हे. ते घर मोडणे होय. एका सायकलीची रेघ पाहून दुसरी येते, दुसरीमागून मोटारसायकल.

तेव्हा पांदण वापराने टिकते आणि माळ न वापरल्याने, निदान चाकाने न तुडवल्याने टिकतो. हा भेद 'ग्रॅव्हल' या शब्दाला दिसत नाही. तो दिसण्यासाठी पांदण आणि माळ हे दोन शब्द वेगवेगळे जिवंत असावे लागतात.

साहित्याचा संबंध येथे येतो. हार्डीने 'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह'चे (१८७८) पहिले प्रकरण एग्डन हीथला दिले; माणूस त्यानंतर येतो. तरी त्याच काळात, १८६६ पासून, डेन्मार्कमध्ये हीथ लागवडीखाली आणण्यासाठी एक मोठी संस्था झटत होती, आणि आज उरलेले तुकडे जपण्याची पाळी त्या देशावर आली आहे. आपल्याकडे 'बनगरवाडी'त (१९५५) माळ हे धनगरांचे आणि मेंढरांचे कामाचे ठिकाण आहे. पण आपल्या कवितेने आणि समीक्षेनेही 'उजाड माळ' हे रितेपणाचे प्रतीक म्हणून इतके वापरले की तो रिता नाही हे आपण विसरलो. महसूल खात्याच्या 'पडीक'ला आपण काव्यात्म साथ दिली, असे म्हटले तर ते फार कठोर होईल का? मला तसे वाटत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. चिखलात बैल रुतवणाऱ्या शेतकऱ्याला पक्की पांदण हवी आहे. आणि शहरातून आलेल्या स्वाराला तिचा कच्चेपणाच सुंदर वाटतो. आक्षेप रास्त आहे. पांदणीवर मुरूम पडावा, खडीकरण व्हावे, ही मागणी स्वारानेही शेतकऱ्याच्या सोबतीने केली पाहिजे. ज्याच्या श्रमाची वाट, त्याच्या सोयीआड आपले सौंदर्य येता कामा नये. आणि पावसाळ्यात दोन्हीकडून दूर राहावे: पांदणीवर चिखल असतो, माळावर अंडी.

नाव देण्यातली जबाबदारी इतरांनाही उशिरा उमगली आहे. अमेरिकेतील कॅन्ससच्या उंच गवताच्या प्रदेशात, एम्पोरिया गावी, २००६ पासून या प्रकारातील प्रसिद्ध शर्यत होते. तिच्या मूळ नावात तेथील मूलनिवासी कॉ लोकांच्या 'कान्झा' या नावामागे 'डर्टी' हे विशेषण जोडलेले होते. ते अवमानकारक असल्याचा आक्षेप आला आणि २०२० मध्ये नाव बदलण्याचे ठरले. आपल्याला ती चूक आधी करून मग सुधारायची गरज नाही.

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लावला आहे. वत्सगुल्म म्हणजे आमचे वाशीम. त्या कथेतला काव्यपुरुष देशोदेशी भटकतो आणि प्रत्येक प्रदेशात वेष, नृत्य व बोलण्याची रीत बदलत जाते. भटकणाऱ्याने प्रदेशाकडून रीत घ्यावी, हा आमच्या गावाचा जुना धडा आहे. नव्या स्वारांनी यावे. पण पांदणीला पांदण म्हणावे आणि माळ लागला की उतरून, सायकल कडेला टेकवून, काठावरून पाहावे.