हमीपत्राची हमी

आमचे एक स्नेही आहेत. ते व्यासंगी आहेत, ग्रंथप्रेमी आहेत, आणि आपल्या घरांत दूरचित्रवाणीचा संच नाहीं ही गोष्ट भेटीच्या पहिल्या पांच मिनिटांतच ते समोरच्याच्या कानीं घालतात. पोलादपूर तालुक्यांत राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंचा टीव्ही वॉरंटीच्या मुदतींतच काळा पडला आणि कंपनीनें हात वर केले, ही हकीकत आम्हीं त्यांस सांगितली, तेव्हां ते प्रसन्न मुद्रेनें म्हणाले, "बरेंच झालें कीं! आतां त्या पोथी वाचतील." कंपनीवरील आमचा राग कदाचित् दोन पत्रांत विरून गेला असता. या प्रसन्नतेवरील राग मात्र विरत नाहीं, आणि म्हणून हा लेख.

आत्याबाईंचें वय ८१. दोन्ही गुडघे गेलेले. डोळ्यांस पोथीचीं अक्षरें लागत नाहींत. मुलगे आणि सुना मुंबईंत. त्या तालुक्यांतील बहुतेक घरांची हीच तऱ्हा आहे, कर्तीं माणसें मुंबईस आणि घर म्हाताऱ्यांच्या हवालीं. वाडी चढणीवर आहे, आणि पावसाळ्यांत शेजारच्या वाडीचें माणूसही चार चार दिवस दृष्टीस पडत नाहीं. सन २०२१ च्या जुलै महिन्यांत याच तालुक्यांत साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथें दरडी कोसळून माणसें गेलीं. शेजारच्या महाड तालुक्यांत तळियेची वाडी डोंगराखालीं गाडली गेली. तेव्हांपासून पाऊस जोरानें लागला म्हणजे आत्याबाई बातम्या लावून बसतात. पाऊस नसला म्हणजे कीर्तन ऐकतात, आणि रात्रीं आठ वाजतां एक मालिका पाहून तिच्यांतील सासूस शिव्या देतात. चैन म्हणावयाची ती एवढीच. पोथीचा उपदेश करणाऱ्या आमच्या स्नेह्यांनीं त्या पडवींत आषाढाचे आठ दिवस एकट्यानें काढून दाखवावेत; नंतर आम्ही त्यांचा उपदेश शिरोधार्य मानूं.

संच घेतला तो २०२३ च्या दिवाळींत, महाडच्या बाजारपेठेंतून. बत्तीस इंची, किंमत १३,५०० रुपये. कंपनीचें नांव मोठें आहे. तें येथें देत नाहीं, कारण दुसऱ्या नांवाचा संच घेतला असतां तर अनुभव निराळा आला असता असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. पुढल्या जूनमध्यें पडद्यावर एक उभी काळी रेघ उमटली. आठवड्यानें दुसरी आली. पंधरवड्यांत उजवी बाजू अर्धी अधिक काळी होऊन बातम्या सांगणारी बाई निम्मीच दिसूं लागली. आम्हीं महाडहून कंपनीच्या फोनवर तक्रार नोंदविली. प्रथम आंकडे दाबण्याची तपश्चर्या, नंतर संगीत, नंतर हिंदींत बोलणारा एक सभ्य आवाज. त्या आवाजानें "महाड" हा शब्द ऐकतांच विचारलें, पुराचें पाणी तर लागलें नाहीं ना? सावित्रीचें पाणी आत्याबाईंच्या पडवीपर्यंत चढावयाचें, तर त्याआधीं कोंकणचा किनाराच नकाशावरून पुसला गेलेला असेल. पण २२ जुलै २०२१ रोजीं महाड बुडालें हें सर्व देशानें पाहिलें, आणि तेव्हांपासून आमच्या गांवाचें नांव हाच जणूं वस्तूच्या बिघाडाचा पुरावा होऊन बसला आहे.

नवव्या दिवशीं कारागीर आला. मोटारसायकलवर, माणगांवच्या बाजूनें, भर पावसांत. वयानें पंचविशीचा. त्यानें संच चालू केला, चार फोटो काढले, कोणास तरी पाठविले, आणि उत्तराची वाट पाहत चहा घेतला. उत्तर आलें : 'फिजिकल डॅमेज', म्हणजे संचास मार बसला आहे, सबब वॉरंटी लागू नाहीं. पॅनेल बदलावयाचें तर ९,८०० रुपये, मजुरी निराळी.

"आजी, कांहींतरी लागलं असेल हो, तुमच्या लक्षांत नसेल," तो मुलगा ओशाळून म्हणाला.

"अरे बाबा, मी काठी टेकीत मोरीपर्यंत जातें आन् परत येतें. त्या टीव्हीला हात लावायला मला तरी कुठं उभं राहवतंय?" आत्याबाई म्हणाल्या. "मी खोटं बोलतें असं लिहिलंस काय रे त्यांत?"

मुलानें मान खालीं घातली. त्याचा दोष नाहीं. निर्णय त्याचा नव्हताच. तो दूरच्या कोणा कचेरींत फोटो पाहून झाला होता. पण म्हातारीच्या प्रश्नाचें उत्तर काय? होय, तसेंच लिहिलें होतें. चौदा हजारांच्या आंतल्या वस्तूसाठीं एका ८१ वर्षांच्या बाईस खोटें ठरविण्यांत आलें, तेंही तिला न वाचतां येणाऱ्या भाषेंत. भांडण आहे तें या ठिकाणीं. पैसा दुय्यम आहे.

आतां त्या 'मारा'विषयीं. सपाट पडद्याचे हे संच कसे बनतात ही कांहीं गुप्त विद्या राहिलेली नाहीं. दोन कांचांच्या मध्यें द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो. पाठीमागें एलईडी दिव्यांच्या पट्ट्या प्रकाश देतात. आणि कांचेच्या कडेस केंसाहून बारीक तारांच्या फिती चिकटविलेल्या असतात, त्यांतून पडद्याच्या उभ्या ओळींस संदेश पोंचतो. ही चिकटवण सुटली किंवा फितीवरची चिप बिघडली, म्हणजे तेवढ्या ओळी मरतात आणि उभी रेघ दिसते. उष्णतेनें, दमट हवेनें अथवा मूळच्या कच्च्या कामानें हें होऊं शकतें. मार बसलेल्या कांचेचें लक्षण सामान्यतः निराळें असतें : जेथें आघात झाला तेथून कोळ्याच्या जाळ्यासारखी तड पसरते. महाडच्या बाजारपेठेंतील एका जुन्या रेडिओ-मिस्त्रीस आम्हीं मुद्दाम वाडीवर नेलें. त्यानें बॅटरीच्या उजेडांत पडदा तिरपा पाहिला, बोट फिरविलें आणि म्हणाला, कांच शाबूत आहे, रेघ फितीची आहे. उघडून पाहूं का म्हणतां तोच म्हणाला, "नको; सील तुटलें कीं तेवढें निमित्त त्यांना पुरेल." म्हणजे ज्यास रोग कळतो त्यानें हात लावावयाचा नाहीं, आणि ज्यास हात लावण्याचा अधिकार त्यानें फोटो पाहून निदान करावयाचें!

या मासिकांत ग्रंथांचीं परीक्षणें येतात, म्हणून त्या वॉरंटीकार्डाचेंही परीक्षण दोन ओळींत करून टाकतों. हा ग्रंथ इंग्रजी आहे. टंक इतका बारीक कीं आम्हांस भिंग घ्यावें लागलें. पहिल्या ओळींत दान आहे आणि पुढील सर्व ओळींत तें परत घेतलेलें आहे : वीज कमीजास्त झाल्यास नाहीं, ओल आल्यास नाहीं, झुरळ-मुंगी शिरल्यास नाहीं, मार बसल्यास नाहीं, आणि यांपैकीं काय झालें हें ठरविण्याचा अधिकार कंपनीचा. आतां, कोंकणांत पावसाळ्याचे चार महिने ओल नाहीं असें घर दाखवावें. पोलादपूरच्या वाड्यांवर वीज दिवसांतून किती वेळां जाते-येते तें तेथें राहणारा जाणतो. जेथें राहणें हेंच अपवादांच्या यादींत बसतें, तेथें तो संच विकतांना दुकानांत ही अडचण कोणास कशी आठवत नाहीं? "वाचून घ्यावयाचें होतें" असें म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतात. खोका फोडल्यावर आंतून जो कागद निघतो, तो खोका विकत घेण्यापूर्वीं कसा वाचावा, एवढेंच त्यांनीं सांगावें.

शहाण्यांचा दुसरा वर्ग म्हणतो, "कायदा आहे, ग्राहक-न्यायालयांत जा." हा आक्षेप आदरानें घ्यावयास हवा, कारण कायदा खरोखरच चांगला आहे, आणि तो फुकट मिळालेला नाहीं. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यास ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, तेव्हां ग्राहक नांवाचा कोणी प्राणी कायद्याच्या पुस्तकांत धड नव्हता. १९८६ सालीं ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या जागीं २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याअन्वयें ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्यांत फिर्याद करतां येते; पांच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाहीं; वकील लागत नाहीं; फिर्याद संगणकावरून दाखल करतां येते आणि सुनावणीही दूरदृश्य साधनानें मागतां येते. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पांच महिन्यांत देण्याचा यत्न करावा, असें कलमच आहे.

हें सर्व मान्य. आतां हा कायदा पोलादपूरच्या चढणीवर चढवून पाहूं. आमच्या जिल्ह्याचा आयोग अलिबागेस आहे; आत्याबाईंच्या वाडीहून तो शंभरावर किलोमीटर. संगणकावरून दाखल करावयाचें तर बिल, कार्ड, कारागिराचा शेरा, प्रतिज्ञापत्र यांच्या प्रती काढून चढवाव्या, फोनवर येणारा आंकडा मुदतींत भरावा. आणि वाडीवर फोनास रेंज मिळते ती देवळाच्या पाठीमागें, तीही उघाडीस. हें काम आम्हीं महाडांत बसून केलें, कारण आम्हांस वेळ होता, इंग्रजी येत होतें आणि राग होता. ज्यांस या तिहींपैकीं एकही नाहीं, त्यांनीं काय करावें? शिवाय मुख्य गांठ पुढेंच आहे. दोष मुळांतला, हें सिद्ध करण्याचा भार प्रायः तक्रारदारावर येतो. प्रयोगशाळेंत तपासणी करावयाची झाल्यास तिची फी आधीं भरण्यास आयोग तक्रारदारासच सांगूं शकतो. १३,५०० रुपयांच्या संचासाठीं पदरचे पैसे घालून स्वतःचा खरेपणा विकत घ्यावयास कोण जाईल? कंपनीस हें हिशेबानें ठाऊक आहे. शंभरांतील नव्याण्णव माणसें नवव्या दिवशींच थकतात, असा तिचा अंदाज असावा, आणि तो फारसा चुकत नसावा.

हा भार उलटा फिरवितां येतो. युरोपीय संघानें २०१९ सालीं काढलेल्या निर्देशांत असें ठरविलें आहे कीं, वस्तु हातीं आल्यापासून एका वर्षांत जो दोष दिसून येईल तो मूळचाच होता असें धरून चालावें; तसें नसेल तर विक्रेत्यानें तें सिद्ध करावें. एवढा एक नियम आमच्याकडे असता, तर त्या मुलास चार फोटोंवर म्हातारीस खोटें ठरवितां आलें नसतें. संच नेऊन, उघडून, कोठें मार बसला तें कंपनीस दाखवावें लागलें असतें. त्याच संघानें टीव्हीच्या वीजपुरवठ्याचा भाग, जोडण्या वगैरे सुटे भाग विक्री बंद झाल्यावरही सात वर्षें कारागिरांस मिळाले पाहिजेत असा नियम १ मार्च २०२१ पासून लागू केला. मौज अशी कीं, ज्याच्या पायीं आम्ही रडत आहों तें पॅनेल त्याही यादींत नाहीं. तेव्हां तिकडचें सर्वच सोन्याचें आहे असा आमचा भ्रम नाहीं. आपल्या सरकारनें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिती नेमली आणि डिसेंबरांत संकेतस्थळही उघडलें. संकेतस्थळावर माहिती आहे. बाजारपेठेंतील त्या मिस्त्रीच्या हातांत मात्र अजून फीत आलेली नाहीं, कीं नकाशा आलेला नाहीं.

कागदावरचा हक्क आणि हातांतला हक्क यांतील अंतर महाडकरांस कोणी शिकवावयास नको. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत बोल्यांचा ठराव झाला, १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचें ठरविलें, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह चालत जाऊन तें पाणी ओंजळींत घेईपर्यंत त्या ठरावाचा एक थेंबही कोणाच्या घशाखालीं उतरला नव्हता. पाणी घेतल्यावर मार खावा लागला. कोर्टाचा निकाल शेवटास जावयास १९३७ साल उजाडलें. माणुसकीच्या त्या झगड्याशीं एका बिघडलेल्या टीव्हीची तुलना करण्याचा आचरटपणा आम्ही करणार नाहीं. तेथें माणसाचें माणूसपण नाकारलें जात होतें. ठराव झाला म्हणजे काम झालें असें समजणारांची जात मात्र तीच आहे, आणि "कायदा आहे, जा कीं" हें वाक्य तिच्याच तोंडचें आहे.

दुकानदाराविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण तो आमच्या रोजच्या नमस्कारांतला आहे. "साहेब, माझ्या हातांत कांहीं नाहीं, तुम्ही आणि कंपनी पाहून घ्या," असें तो म्हणतो. पैसे मोजून घेतांना ते त्याच्याच हातांत होते. फिर्यादींत कंपनीबरोबर विक्रेत्यासही प्रतिपक्ष करतां येतें, आणि तसें आम्हीं केलें आहे. तो रागावला आहे. पुरांत त्याचेंही दुकान बुडालें होतें, हें आम्ही विसरलों नाहीं. पण त्याच्या बुडण्याचा खर्च आत्याबाईंनीं कां सोसावा?

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांसाठीं आयोगानें महिन्यांतून एक दिवस महाडांत बैठक घ्यावी, अशी विनंती आम्हीं अलिबागेस लेखी केली आहे. कंपनीस तीन प्रश्न विचारले आहेत : मार कोठें बसला, तो कशावरून ठरविला, आणि तो शेरा मराठींत लिहून देण्यास काय अडचण आहे. संच पडवींतच आहे. आत्याबाईंनीं त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकून ठेवला आहे, आणि बातम्यांसाठीं शेजारचा पोरगा संध्याकाळीं फोन घेऊन येतो. हा मजकूर छापावयास जाईपर्यंत कंपनीचें उत्तर आलेलें नाहीं. आल्यास तें पुढील अंकीं जसेंच्या तसें देऊं. मराठींत नसल्यास भाषांतरासह.